सगळ्यात मागची गाडी

कुंभारीच्या रस्त्यावर पुन्हा कडब्याच्या गाड्या दिसायला लागल्या आहेत. ज्वारी काढून झाली, कणसं खळ्यावर गेली आणि मोकळ्या रानांत तेवढी धसकटं उरली. या दिवसांत सोलापूरचं ऊन अजून पुरतं पेटलेलं नसतं. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी डोक्यावर पदर. घरात वार्षिक परीक्षेचं वातावरण तयार होतं आणि टीव्हीला जोडलेला गाड्यांचा खेळ महिन्याभरासाठी कपाटात जातो. तो आत ठेवण्याआधी माझी मुलगी तनू "शेवटची एकच रेस" म्हणून बसते आणि रेस सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्याचं बटण दाबत राहते. टक, गाडी लांबून, मागून दिसते. टक, जवळून, पण मागूनच. टक, बॉनेटवरून. टक, अगदी खाली बंपरवरून, नुसता रस्ता अंगावर येताना. टक, आतून, स्टिअरिंगवर हातमोजे घातलेले दोन हात. परवा ती टकटक ऐकली आणि मला गेल्या वर्षीचे हेच दिवस आठवले. अप्पा आमच्याकडे राहायला आले होते ते.

मला खेळ येत नाही, पण या बटणाचं मला फार कुतूहल आहे. गाडी तीच, रस्ता तोच, वळणंही तीच. मग कुठून बघायचं याचे इतके पर्याय कशाला? आणि प्रत्येकाचा एक ठरलेला का असतो? तनू म्हणते, "बॉनेटवरून वेग कळतो, मम्मी. मागून बघितलं की गाडी खेळण्यातली वाटते." आमच्या ह्यांना आतूनच बघायचं असतं. हे शहरात सुताच्या दुकानात कामाला जातात, ते दुचाकीवर. चारचाकी आमच्याकडे नाही, कधी नव्हती. पण खेळायला बसले की पाठ ताठ करतात आणि वळणाआधी पडद्यावरच्या आरशात डोकावतात. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर आलं नाही. शेजारच्या पद्माक्का विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन एकदा बघत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तुम्हाला कुठून आवडलं असतं? त्या म्हणाल्या, "वरून बाई! वरून सगळं दिसतंय की. कोण कुटं चाललंय, कुणाच्या दारात गाडी थांबली." पद्माक्कांना आमच्या गल्लीची माहिती कशी असते, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

मी स्वतः एकदा हातात रिमोट घेतला तेव्हा मागून, जवळून बघायचं ठरवलं. आपण चालवतोय त्या गाडीला आपणच बघितल्याशिवाय माझा विश्वासच बसेना. तनू म्हणाली, "तुला स्वतःला बघायची हौस आहे." असेलही. आठवणींच्या बाबतीतही माझं असंच होतं. मला वसतिगृहाचा पहिला दिवस आठवतो, तो असा : दोन लाल रिबिनींच्या वेण्या, हातात पत्र्याची पेटी, आणि एक मुलगी फाटकातून आत चालली आहे. पाठमोरी. आता ती मुलगी मी होते. मला माझ्या वेण्या मागून कशा दिसतील? मला दिसायला हवं होतं ते समोरचं पटांगण आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाई. ते काहीच आठवत नाही. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं, की हे चित्र माझं नाहीच. अप्पा फाटकाबाहेर उभे होते. "तू अशी तुरूतुरू गेलीस, एकदाबी मागं बगितलं न्हाईस," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी त्यांच्या जागेवर जाऊन उभी राहिले आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. मंगळवेढ्याच्या पलीकडं, पाऊस वाट चुकूनच येतो अशा भागात आमचं गाव. मेंढरांवर आमचं घर चालत आलं. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं, ज्वारी निघाली की मोकळ्या रानांत उतरायचं, शेतकरी बोलावील त्याच्या शेतात मेंढरं बसवायची, म्हणजे जमिनीला खत मिळतं, आणि पावसाचं चिन्ह दिसलं की परत फिरायचं. मी शिकले, मास्तरीण झाले, कुंभारीत घर केलं. माझा धाकटा भाऊ बिरा अप्पांबरोबर राहिला. आई गेल्यापासून ते दोघं आणि कळप, एवढंच आमचं माहेर. ते माहेर सतत चालत असतं, त्यामुळं माहेरी जायचं म्हणजे आधी फोन करून ते कुठं आलंय ते विचारावं लागतं.

गेल्या वर्षी माघात अप्पांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. शहरातल्या दवाखान्यात काढला आणि विश्रांतीसाठी त्यांना मी घरी आणलं. डॉक्टर भले होते. त्यांनी समजावून सांगितलं, की डावा डोळा चांगला झाला आहे, पण उजव्याचा आतला पडदाच खराब आहे, त्यातलं काही परत येणार नाही. "समोरचं दिसेल बाबा तुम्हाला. उजवीकडून, मागून काही आलं तर लवकर कळणार नाही. रस्त्यावर जपा." अप्पांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "उजवीकडनं तर रस्ता असतो की." कळप डाव्या कडेनं चालतो आणि गाड्या उजवीकडून जातात. मला कळलं होतं ते काय म्हणाले ते.

मेंढरं रस्त्यानं नेताना एक माणूस पुढं असतो आणि एक मागं. बाहेरच्याला वाटतं, पुढचा तो म्होरक्या. तसं नाही. पुढं पोरंसोरं चालतात, नाहीतर नवा गडी. त्यानं फक्त चालायचं, मेंढरं त्याच्या मागं येतात. कारभारी चालतो तो मागं. कोण लंगडतंय, कोण बांधावर चढलं, कुठलं कोकरू दमलं, मागून कुठली गाडी येतेय, कळप कधी डावीकडं दाबायचा, सगळं त्यानं बघायचं. अप्पांच्या वडिलांनी अंथरूण धरलं त्या वर्षी अप्पा मागं गेले, आणि तेव्हापासून ती जागा त्यांची. मागची जागा बाप चालता असताना मुलगा घेत नाही. असा काही कुणी कायदा केलेला नाही, पण घेत नाही.

घरात मात्र त्यांना सगळ्याच गोष्टींची बंदी होती. धूळ नको, ऊन नको, वाकू नका, ओझं उचलू नका. काळा चष्मा लावून ते बाहेरच्या खोलीत पलंगावर बसायचे, आणि समोर टीव्ही. खेळ अजून कपाटात गेला नव्हता. तनू शाळेतून येऊन अर्धा तास खेळायची. पहिले दोन-तीन दिवस ते नुसते बघत होते. मग एकदा त्यांनी विचारलं, "ही गाडी कोन हाकतंय?"

"मी, अप्पा."

"मग गाडी कुटं हाय तुजी? नुसता रस्ताच पळतोय."

तनूनं बटण दाबून गाडी मागून दाखवली. अप्पा पलंगावरून खाली उतरले आणि जमिनीवर टीव्हीसमोर मांडी घालून बसले. "आता बरं हाय. ही आपली. ह्या पुढल्या समद्या कुनाच्या?"

"त्या दुसऱ्यांच्या. त्यांना मागं टाकायचं."

"का?"

तनूनं रिमोट त्यांच्या हातात दिला.

अप्पांची ती रेस मला जन्मात विसरता येणार नाही. गाड्या सुटल्या तशी सगळ्या पुढं निघून गेल्या आणि अप्पांची मागं राहिली. तनू ओरडत होती, "दाबा अप्पा, दाबा की!" अप्पा दाबत होते, पण बेतानं. एक लाल गाडी वळणावर कठड्याला धडकली आणि आडवी झाली. अप्पांनी तिच्याशेजारी आपली गाडी थांबवली. "अप्पा, का थांबलात?" "त्येला उटू दे की." लाल गाडी सरळ होऊन निघाली तेव्हाच हे निघाले. खेळात मागं बघायचं एक बटण आहे, ते त्यांना चुकून सापडलं. मग काय, दर वळणाआधी मागं वळून बघणं सुरू झालं. मागं कोण असणार? रिकामा रस्ता. "कोन न्हाय मागं. सगळी पुढं हायती. बरं चाललंय आपलं." आणि मागं बघता बघता गाडी भिंतीवर.

थोड्या वेळानं पहिल्या नंबरची गाडी एक अख्खा फेरा मारून मागून आली. अप्पांनी आपली गाडी कडेला घेतली. "जाऊ दे बाबा त्येला, घाई हाय त्येला." रेस संपली. पडद्यावर सगळ्यांची नावं आली आणि अप्पांचं सगळ्यात खाली. तनू खट्टू झाली. अप्पांनी मला हाक मारून सांगितलं, "बाय, समद्या पोचल्या बग. मग मी पोचलो."

आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. शर्यत म्हणजे काय हे माहीत नसायला ते काही चंद्रावर राहत नव्हते, बैलांच्या शर्यती त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ बघितल्या आहेत. पण कॅमेरा मागं गेला आणि पुढं पळणारी सगळी गाड्यांची रांग दिसली की त्यांचे हात आपोआप तसं करायचे. मला नवल वाटत राहिलं. जागा माणसाला इतकी शिकवते? की माणूस आपल्या स्वभावाची जागा शोधून तिथं जाऊन बसतो? मी शाळेत मुलांच्या रांगेच्या शेवटी चालते. कुणी सांगितलेलं नाही. पुढं उभं राहिलं की मला मानेच्या मागं काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

मग एका रविवारी बिरा आला. कळप त्यानं गड्याच्या हवाली केला होता. चहा पिऊन झाला तरी कप हातातच. शेवटी म्हणाला, "अप्पा, यंदापास्नं तुमी आक्काकडंच ऱ्हावा."

अप्पा टीव्हीकडं बघत होते. टीव्ही बंद होता.

"टेंभुर्णीच्या फाट्यावर काय झालं आठवतंय नव्हं? उसाची ट्रॉली तुमच्या खांद्याला घासून गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. तुमी उजवीकडं बगितलंच न्हाय. तुमी गेला असता अप्पा. आन तुमाला वाचवाय मी पळालो असतो तर मेंढरं गेली असती."

"दिसलं न्हाय त्या टायमाला," अप्पा म्हणाले. "आता आपरेशन झालंय."

"उजव्याचं न्हाय झालं."

मी हे आधी ऐकलं नव्हतं. बिराचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं, आणि खरं सांगायचं तर मला आनंदही झाला. अप्पा माझ्याकडं राहतील, सकाळी दारात खुर्ची टाकून बसतील, तनूची वाट बघतील, हे चित्र मी मनात केव्हाच रंगवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "बिरा बरोबर बोलतोय, अप्पा." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "हितं बसून काय करू? ह्या भिंतीकडं बगू?" आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मागं कोन चालनार?" त्यांनी बिराला विचारलं.

"मी."

"आन पुढं?"

"गडी लावलाय की. त्योच चालंल."

अप्पा उठून आत गेले. बिरा कप तसाच ठेवून निघाला. जाताना दारात मला म्हणाला, "आक्का, मला मागची जागा नको गं. पर बाप पायजे का न्हाय मला?" एवढा थोराड गडी, डोळे पुसत फटफटीवर बसला.

त्यानंतर आठ-दहा दिवस असेच गेले. तनूची परीक्षा जवळ आली, पण अप्पांसाठी म्हणून खेळ बाहेरच राहिला. दुपारी मी शाळेतून येई तेव्हा खोलीत पडदा ओढलेला असायचा आणि अप्पा टीव्हीसमोर. एकदा चप्पल काढताना बघितलं तर पडद्यावर गाडीच नव्हती. नुसता रस्ता. त्यांनी स्वतःच बटण दाबून बॉनेटवरचा कॅमेरा लावला होता. मी दारातच थांबले. गाडी हळूहळू चालली होती आणि दर थोड्या वेळानं ते मागं बघायचं बटण दाबत होते. मग धडक. पुन्हा सुरुवात. पुन्हा मागं, पुन्हा धडक.

तनू पुस्तक घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "अप्पा, इथून खेळताना मागं नाही बघायचं."

"मग मागचं कळायचं कसं?"

"नाही कळत. आवाज येतो तेवढाच. आवाज आला की समजायचं आहे कोणीतरी."

"आन न्हाय आला तर?"

तनूनं खांदे उडवले. "तर नाही आला. आपण समोरचं बघायचं."

अप्पांनी अंगठा त्या बटणावरून उचलून मांडीवर ठेवला. तो अंगठा सारखा वळवळत होता. त्यांनी दुसऱ्या हातानं तो दाबून धरला असता, पण दुसऱ्या हाताला गाडी वळवायची होती. त्या दिवशी त्यांनी एक फेरा न धडकता पुरा केला. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. कपाळावर घाम होता. मी पाणी दिलं तर म्हणाले, "पुढं चालनं लई अवघड असतंय गं. पोराटोरांना आमी कसं काय घालत होतो?"

मी तेव्हापासून या गोष्टीचा विचार करते आहे. आपल्याला वाटतं, पुढं असलेल्याला सगळं दिसतं. त्याला रस्ता दिसतो, खड्डा दिसतो, हे खरं. पण ज्यांच्यासाठी तो चाललाय तेच त्याला दिसत नाहीत. मागच्याला सगळे दिसतात, आणि सगळे दिसतात म्हणून त्याला धीर असतो. ह्यांना आतून का खेळावंसं वाटतं ते मला कळलं : तिथं आरशात मागचेही दिसतात. तनूला बॉनेटवरून का, तेही कळलं : तिला अजून कुणाला मागं ठेवून जायचंच नाहीये, तिला फक्त जायचंय. चौदाव्या वर्षी मीही तशीच होते. मला मात्र अजून माझी जागा नीट ठरवता येत नाही. कधी वाटतं आपण मागून सगळ्यांवर लक्ष ठेवतो, आणि कधी वाटतं आपण नुसत्याच मागं राहिलोय.

तनूचा शेवटचा पेपर झाला त्याच सुमारास बिराचा कळप कुंभारीजवळ आला. एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात उतरला होता. तिथून हमरस्ता ओलांडून पलीकडं जायचं होतं. सकाळी अप्पा आंघोळ करून, धोतर नेसून, घोंगडी खांद्यावर टाकून तयार. मी म्हटलं, "भेटून या. मग मी परत आणते." त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. मी आणि तनू त्यांच्याबरोबर गेलो.

बिरानं त्यांच्या हातातली काठी बघितली आणि तो गडबडला. "अप्पा, मी सांगितलं हुतं की."

"मी कुटं मागं म्हनतोय? पुढं चालतो."

बिरा म्हणाला, "लोक काय म्हंतील? जित्या बापाला पुढं घातलं म्हंतील."

"लोकांना म्हनावं, बाप सवताच पुढं आलाय." मग म्हणाले, "समोरचं दिसतंय मला. डाक्तर म्हनाल्यात. उजवीकडचं तू बग."

"मला न्हाय जमायचं अप्पा, तुमच्या मागं चालायला."

"मला तरी कुटं जमतंय? पर चल."

मला खूप बोलायचं होतं. राहा म्हणायचं होतं, हात धरून घरी न्यायचं होतं. बिराकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं आणि बाजूला झाले. माझं मनात रंगवलेलं चित्र माझ्याच डोळ्यांसमोर पुसलं जात होतं आणि मला रडू येत होतं. तनूनं माझा हात धरला होता.

रस्त्याच्या कडेला कळप गोळा झाला. गडी मध्ये, बिरा पार शेवटी. दोन ट्रक जाऊ दिले. अप्पांनी काठी आडवी उंच धरली, इकडून येणारा टेम्पो थांबला, पलीकडून येणारी जीप थांबली, आणि ते डांबरावर उतरले. मेंढरं त्यांच्या मागं. धुळीचा लोट उठला. अप्पांची मान ताठ होती, पण ती मध्येच डावीकडं थोडी वळायची आणि पुन्हा सरळ व्हायची. वळायची आणि सरळ व्हायची. रस्त्याच्या मधोमध आल्यावर ती वळायची थांबली.

ते पलीकडं पोचले आणि उभे राहिले. मेंढरं येऊन त्यांच्या पायांना घासत कडेनं पसरू लागली. आयुष्यभर हा माणूस सगळ्यात शेवटी रस्ता ओलांडत आला होता, आणि सगळी आली का हे त्याला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. ते आमच्याकडं पाठ करून, समोरच्या रानाकडं बघत उभे होते. मग त्यांनी तशीच, न वळता, हाक मारली.

"बिरा, आली का रं समदी?"

बिरा अजून रस्त्याच्या अलीकडं होता. त्यानं कडेच्या चरीत बघितलं, मागं बघितलं, उजवीकडं दूरपर्यंत बघितलं. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. मग बिरा सगळा जोर लावून ओरडला, "आली अप्पा! समदी आली! चला!"

आणि अप्पा चालायला लागले.